निमूटचे डोळे

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे अण्णा समेळांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. पेणमधल्या बाकीच्या कारखान्यांत आता यंत्रच मूर्ती घडवायचं आणि यंत्रच रंगवायचं, पण अण्णा अजून शाडूच्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसत. फळ्यांवर मूर्ती ओळीने मांडलेल्या असत, रंग झालेल्या, दागिने चढवलेल्या, आणि एकीलाही डोळे नसत. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त अण्णांच्या हाताने. त्या दिवशी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एकदा मूर्तीचे डोळे उघडले की तिच्याकडे पाठ करून बसायचं नाही. समेळांच्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नसे, ते आपोआप कळायचं.

याच कारखान्यात खिडकीपाशी त्यांच्या मुलीचं टेबल होतं. हेमांगी गणपती करत नसे. ती कॉमिक काढत असे.

'खारदेश' हे तिचं कॉमिक. मिठागरांच्या पलीकडे एक राज्य आहे, तिथला समुद्र माणसांच्या वस्तू, नावं, आवाज हळूहळू चोरून नेतो, आणि केवडी नावाची एक होडीवाली पोर ते सगळं परत आणायला निघते, अशी ती लांबलचक गोष्ट. पहिला अंक तिने कॉलेजात असताना झेरॉक्स काढून, इथेच मूर्तींच्या मध्ये बसून स्टेपल केला होता. प्रकाशकांनी दोनदा तोंडाला पानं पुसल्यावर तिने त्यांचा नादच सोडला. गोष्ट स्वतः लिहायची, चित्रं स्वतः काढायची, स्वतः छापून घ्यायची, आणि गठ्ठा उचलून कॉमिकच्या मेळ्यात मांडून स्वतःच बसायचं. लोक यायचे, पानं चाळायचे, कौतुक करायचे आणि विचारायचे, "पण पूर्णवेळ काय करता?" केस पिकायला लागले तरी हा प्रश्न तिचा पिच्छा सोडत नव्हता.

पहिल्या अंकापासून तिने एक प्रथा मात्र पाळली होती. शेवटचं पान कोरं ठेवायचं. वाचकाने त्यावर हवं ते लिहावं, चित्र काढावं आणि पाठवून द्यावं. त्याला ती 'उत्तराचं पान' म्हणायची आणि आलेल्या प्रत्येक पानाला स्वतः उत्तर द्यायची.

मग 'जागतं पान' आलं. रुमालाएवढा पातळ पडदा, घडी घालून खिशात मावणारा, आणि त्याच्या वरच्या कडेला मोहरीएवढं भिंग. वाचणाऱ्याची नजर कुठल्या चौकटीवर थांबते, डोळ्यातली बाहुली कधी विस्फारते, श्वास कधी अडकतो, हे सगळं ते भिंग टिपायचं, आणि त्याप्रमाणे चित्र त्या एका वाचकापुरतं बदलायचं. कुणाला पाऊस जरा दाट दिसायचा, कुणाला जिन्यावर एक सावली जास्तीची. हे बदल करणाऱ्या प्रणालीचं नाव होतं 'पूरक'. पूरकला हेमांगीच्याच वळणाचं काढता यावं म्हणून तिने काही आठवडे मनगटाला पट्टा बांधून काम केलं होतं. रेघ ओढताना स्नायू कसे ताणतात, हात कुठे कचरतो, कुठे घाई करतो, याची नक्कल त्या पट्ट्याने उतरवून घेतली. खारदेश जागत्या पानावर आणणाऱ्या कंपनीत त्या नकलेला 'हातठसा' म्हणत.

वर्षभरात खारदेश घरोघरी पोहोचलं. पूर्णवेळ काय करता, हे आता कुणी विचारेना. हेमांगी खूश होती, आणि खूश आहोत याची तिला थोडी भीतीही वाटायची.

त्या दुपारी तिच्या उत्तराच्या पानांत एक ओळ आली. 'ताई, निमूटचे डोळे बघितले आणि दिवा लावून झोपलो.'

ती हसली. मग हातातलं पेन तसंच राहिलं.

निमूट हा खारदेशातला खलनायक. गोणपाटाची खोळ डोक्यावर ओढून तो किनाऱ्याने फिरतो, आणि ज्याच्याकडे बघतो त्याचा आवाज जातो. बघणं हेच त्याचं हत्यार, म्हणून हेमांगीने इतक्या वर्षांत त्याचे डोळे एकदाही काढले नव्हते. खोळीच्या आत नुसती कोरी जागा. तिथे काही काढावं असं तिला कधी वाटलंच नाही. डोळे आखले की ते उघडतात, आणि उघडल्यावर ते आपले राहत नाहीत, हे ती या घरात जन्मल्यापासून जाणत होती.

"काय गं, भूत दिसलं?" अण्णांनी मातीतून मान वर न काढता विचारलं.

"काही नाही अण्णा. एका वाचकाला मी न काढलेलं दिसलंय."

"मग चांगलंच की. आम्ही सोंड काढतो, लोकांना देव दिसतो."

तिने ते हसण्यावारी नेलं. बोलण्याची पद्धत असेल एकेकाची, असं स्वतःला समजावलं.

शनिवारी पुण्यात कॉमिकचा मेळा होता. मोठा हॉल, कडेने टेबलं, आणि हेमांगीच्या टेबलापुढे चक्क रांग. लोक आपापलं जागतं पान उघडून पुढे करत होते आणि ती उत्तराच्या पानावर त्यांचं नाव घालून सही करत होती. एक कॉलेजातला मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई रांगेत एकामागे एक होते. बाईंनी त्याच्या पानात डोकावून म्हटलं, "अरे, तुझा निमूट वेगळाच आहे की!"

दोघांनी पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकच चौकट, एकच खोळ, एकच रेघ. मुलाच्या निमूटला दाट पांढऱ्या भुवया आणि बारीक, किलकिले डोळे होते. बाईंच्या निमूटचे डोळे एका तरुण बाईचे होते, काजळ भरलेले, थोडे सुजलेले.

"मला वाटलं सगळ्यांना हेच दिसतात," मुलगा म्हणाला. "मी म्हटलं, आमच्या आजोबांना ताईंनी कुठे बघितलं?" तो हसला खरा, पण त्याने पान पटकन घडी करून ठेवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सहीसुद्धा घेतली नाही.

त्या डोळ्यांची एकेक रेघ हेमांगीची होती. पापणीच्या कडेला पेन दाबून मग सोडायची तिची खास लकब, तीसुद्धा जशीच्या तशी. तिच्या हाताने कुणीतरी भलत्याच माणसांचे डोळे उघडले होते, आणि रांगेत अजून कितीतरी जण पानं घेऊन उभे होते.

पुढची एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, शाळेची बॅग मेळ्यालाही पाठीवर. सोबत आई.

"ही शर्वी," आई म्हणाली. "तुमची भयंकर फॅन आहे. पान उशीखाली घेऊन झोपते. म्हणजे झोपत नाहीच हल्ली. बोलणंही कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, वाचनाचं वेड आहे, जाईल." मग ती टेबलाच्या टोकाला पोस्टरं बघायला सरकली.

शर्वीने पान उघडून हेमांगीपुढे धरलं. जागतं पान नव्या नजरेला लगेच भुलत नाही, थोडा वेळ ते आपल्या मालकाचंच चित्र धरून ठेवतं. त्यामुळे हेमांगीला शर्वीचा निमूट नीट दिसला. उजव्या डोळ्याची वरची पापणी जराशी उतरलेली. डाव्या भुवईत मधोमध खाच, जुन्या जखमेची असावी तशी. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात एक तीळ.

शर्वी टेबलावरून पुढे वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "तुम्ही याला कुठे बघितलंत?"

"कुणाला गं?"

"शर्वे! किती वेळ?" मागून आवाज आला. एक पुरुष तिघांसाठी उसाचा रस घेऊन आला होता. हसरा, तिशीचा, कपाळावर घाम. त्याने ग्लास टेबलावर ठेवले आणि हेमांगीकडे बघून मान लववली. उजव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली होती. डाव्या भुवईत मधोमध खाच होती. तीळही होता.

"हा माझा भाऊ," आई परत येत म्हणाली. "आमच्याकडेच राहतो. यानेच हिला ते पान घेऊन दिलं. फार लाड करतो भाचीचे."

डोळ्यांच्या बाबतीत समेळांच्या मुलीची चूक होणं शक्य नव्हतं. हेमांगीने सही केली. 'शर्वीस, केवडीकडून' असं काहीतरी लिहिलं, कारण हात थांबला असता तर आपल्याला काय दिसलंय, हे तिला त्या माणसापासून लपवता आलं नसतं. सही होताच शर्वीने पानाची घडी घातली, आणि चेहऱ्याचीही. मामाचा हात तिच्या खांद्यावर आला. ती तिघं गर्दीत शिरली. हेमांगी खुर्ची मागे ढकलून धावली, पण दारापर्यंत पोहोचेस्तोवर तिथे शेकडो माणसं होती, आणि तिला नुसतं एक नाव माहीत होतं.

परतीच्या गाडीत तिने निनाद वाकणकरला फोन लावला. पूरक ज्या तीन-चार जणांनी घडवला त्यांतला तो एक, आणि कंपनीत तिच्याशी सरळ बोलणारा एकटाच.

"निनाद, निमूटचे डोळे कोण काढतंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? ताई, तुम्हीच जागा कोरी ठेवली होती. पूरकला कोरी जागा म्हणजे राहिलेलं काम वाटतं."

"राहिलेलं नव्हतं ते! तिथे काही काढायचं नव्हतं."

"तसं तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत."

तिने डोक्याला हात लावला. लिहायचं कशाला? डोळे नसलेल्या मूर्तीला कुणी हात लावत नाही, हे सांगावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं. सगळं जग अण्णांच्या कारखान्यात वाढलंय, असं ती धरून चालली होती.

"पण माणसं कशी कळतात त्याला? आजोबा, मामा?"

"त्याला माणसं कळत नाहीत. लहानपणी आपण वस्तू लपवून खेळायचो ना, जवळ आलास, लांब गेलास? तसंच. पूरक डोळ्यात बारीकसा बदल करतो. पापणी जरा खाली. बाहुली विस्फारली, म्हणजे जवळ आलो. भुवई जाड केली, काही फरक नाही, म्हणजे लांब. वाचक पान उघडतो तेव्हा तेव्हा हा खेळ चालू असतो. शेवटी तो त्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवणाऱ्या डोळ्यांवर येऊन थांबतो. ते कुणाचे, हे त्याला माहीत नसतं. वाचकाला असतं."

हेमांगीने त्याला शर्वीबद्दल सांगितलं. निनादचा आवाज उतरला.

"पत्ता मला देता येणार नाही, ताई. मला तो दिसतच नाही, वाचकांची नावं कुलुपात असतात. आणि ऐका, झोप उडते म्हणून तक्रारी आल्यात. सोमवारी सकाळी आम्ही सगळे डोळे पुसतोय. सगळ्यांना एकच जोडी. मी तुम्हाला फोन करणारच होतो, ती तुम्ही आखून द्यायची आहे."

म्हणजे सोमवारी शर्वीच्या पानावरून मामाचे डोळे जाणार होते. घाबरायचं कारण पुसलं जाणार होतं, पण ज्याला ती घाबरते तो तिच्याच घरात, पुढच्या खोलीत राहणार होता.

रविवारी सकाळी हेमांगीने मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मुलीचं आडनाव? माहीत नाही. पत्ता? नाही. तिने काही सांगितलं का? नाही. "मॅडम, तुमची तळमळ कळतेय," त्या म्हणाल्या, "पण एका चित्रावरून आम्ही कुणाच्या दारात जाऊ? मुलगी स्वतः एक वाक्य जरी बोलली, तर आम्ही तिथे असू. तेवढं एक वाक्य हवं."

निमूटने ज्याच्याकडे पाहिलं त्याच्याकडूनच ते वाक्य हवं होतं.

हेमांगी टेबलाशी येऊन बसली. समोर तिचं स्वतःचं जागतं पान होतं. कंपनीने दिलेलं, कधीच न वापरलेलं. आपलंच कॉमिक आपण काय वाचायचं, म्हणून ते तसंच पडून होतं. तिने ते उघडलं आणि निमूटच्या चौकटीवर नजर ठेवून बसली.

आधी खोळीत नुसता अंधार होता. मग त्यात दोन डबकी उमटली. ती लांबट झाली, आखूड झाली, पापण्या आल्या, गेल्या. ती पान खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. दुपारपर्यंत हा खेळ चालला, आणि जेवणाची हाक आली तेव्हा पानातून म्हातारे, पाणावलेले, अतिशय स्थिर असे दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"हे माझे डोळे आहेत," मागे उभे असलेले अण्णा म्हणाले.

तिला पान झाकायला वेळच मिळाला नाही. कालपासूनचं सगळं त्यांना माहीत होतं, सकाळी तिनेच चहाच्या वेळी सांगितलं होतं. ते स्टूल ओढून बसले. हात पुसत राहिले, स्वच्छ होते तरी.

"तुला माझी भीती वाटते, हेमू? मी तुला कधी बोट लावलं नाही."

"नाही लावलंत." तिला रडू आवरेना. "मी आखणी शिकायची सोडून कॉमिक काढायला बसले, त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. नुसतं बघितलंत. अजूनही पान पुरं झालं की मला वाटतं, तुम्ही मागून बघताय."

"मला तेव्हा तुझं कौतुक वाटत होतं," अण्णा म्हणाले. "बोलता नाही आलं. आमच्याकडे आखणीच्या वेळी बोलत नाहीत, ती सवय सगळीकडेच लागली."

कारखान्यात ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. फळ्यांवरच्या निम्म्याअधिक मूर्तींचे डोळे कालच उघडले होते.

"म्हणजे त्या मामाचंही असंच असेल," अण्णा म्हणाले. "गरीब बिचारा असेल. पोरगी उगीच घाबरत असेल."

"असेल. आणि नसेलही. हे यंत्र सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही. सांगू शकेल ती एकटीच आहे, आणि उद्या सकाळी ते डोळे पुसले की तिला कुणी विचारणारही नाही."

"मग आज विचार."

विचारायची जागा तिच्याकडे होती, पहिल्या झेरॉक्सच्या अंकापासून होती. हेमांगीने कोरा कागद ओढला. एकाच मोठ्या चौकटीचं पान. मागे निमूट, खोळ ओढलेला, डोळ्यांची जागा कोरी. या वेळी ती मुद्दाम कोरी ठेवली, पूरकने भरावी म्हणून. त्याच्यापुढे केवडी, हातात वल्हं. इतक्या वर्षांत केवडी निमूटकडे तोंड करूनच उभी राहायची, कारण त्याच्याकडे पाठ करायची नसते. आज हेमांगीने तिला वळवलं. केवडीची पाठ निमूटकडे आणि तोंड वाचणाऱ्याकडे होतं. ती म्हणत होती, 'हा कोण आहे, ते तुला माहीत आहे ना? मला सांग. सांगितलंस तर मी ते कुणापर्यंत न्यायचं, तेही तूच ठरव. मी ऐकतेय.' आणि त्याच्यानंतर उत्तराचं पान.

तिने पाठवलेलं चित्र निनादने पाहिलं आणि फोनवर पलीकडे खुर्ची करकरली. "ताई, हे एका मुलीला नाही पाठवता येणार. गेलं तर सगळ्यांना जाईल."

"जाऊ दे."

"आणि त्या माणसाने तिच्या हातातून पान घेतलं तर?"

"तेच तुला करायचंय. दुसऱ्याची नजर पडली की त्याच क्षणी उत्तराचं पान कोरं दिसलं पाहिजे. त्याने निमूटकडे बघितलं तर त्याला त्याच्या भीतीचे डोळे दिसोत."

"परवानगी न घेता हे केलं तर माझी नोकरी जाईल."

हेमांगीचंही खारदेश जाणार होतं, हे दोघांना कळत होतं. लोक निमूटच्या या डोळ्यांसाठीच तर येत होते. कंपनीच्या पानावर स्वतःहून असा प्रश्न टाकणाऱ्या चित्रकाराला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि ती परत पाठीवर गठ्ठा घेऊन मेळ्यांत बसणार होती. तिला त्याची भीती वाटत होती. पण टेबलावरून पुढे वाकलेल्या त्या पोरीचा हळू आवाज कानातून जात नव्हता.

"मला अर्धा तास द्या," निनाद म्हणाला.

उन्हं कलायला लागली तेव्हा पान सुटलं. हेमांगी पडद्यासमोर बसली. उत्तराची पानं तिच्याकडे लिहिली जात असतानाच दिसायची, बोट फिरेल तशी रेघ उमटायची.

पहिलं उत्तर एका म्हाताऱ्याचं होतं. 'हे माझ्या मुलाचे डोळे. पेन्शनच्या दिवशी असे होतात.' मग एका बाईचं, नुसतं एक नाव आणि पुढे 'सासरे'. मग 'आमचे साहेब.' मग वेड्यावाकड्या अक्षरात, 'शाळेच्या व्हॅनचे काका.' एकाने लिहिलं, 'आरशात बघितल्यासारखं वाटलं. माझेच आहेत. माझी बायको पण हे पान वाचते का हो?' एक बाई लिहीत होती, 'माझी आई. ती वारली तरी,' आणि पुढे रेघ थांबली होती. पडदा भरत गेला, वर सरकत गेला. हेमांगीने एक पोर शोधायला गळ टाकला होता आणि अख्खा समुद्र वर येत होता. यातले कितीजण नुसते अण्णांसारखे होते, आणि कितीजण नव्हते? हे सगळं कोण वाचणार, कोण कुणाच्या दारात जाणार?

मदतवाहिनीचा नंबर तिने प्रत्येक उत्तराखाली आपोआप जाईल असा आधीच घातला होता. तो आता तिलाच फार तोकडा वाटला.

मग ते पान दिसलं. वरच्या कोपऱ्यात तिची स्वतःची सही, 'शर्वीस, केवडीकडून'. खाली कोरं. पान उघडलेलं होतं, कुणीतरी त्याच्यासमोर बसलेलं होतं. एक रेघ उमटली आणि पुसली गेली. पुन्हा उमटली. पुसली गेली. मध्येच सगळं पान एकदम कोरं झालं. दुसरी कुणाची तरी नजर त्याच्यावर पडली होती. हेमांगी टेबलाची कड धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने पान परत जागं झालं.

"अण्णा," तिने हाक मारली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

अण्णा आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्टूल उचललं आणि तिच्या अगदी शेजारी, टेबलाकडे तोंड करून ठेवलं. त्यांच्या मागे फळ्यांवरचे सगळे उघडे डोळे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि बसले.

पानावर अक्षरं यायला लागली. शाळेत शिकवतात तशी, गोल, एकेक सुटी.

'मी याचं नाव सांगितलं, तर हा तुझा पण आवाज घेईल का?'

हेमांगीने पेन उचललं. हात कचरला, ज्या ठिकाणी तो नेहमी कचरायचा त्याच ठिकाणी. पूरकला हे उत्तर तिच्याआधी लिहिता आलं असतं, तिच्याच अक्षरात, सुबक. पण ते खरं ठरवायला उद्या त्याला कुणाच्या दारात जायचं नव्हतं.

"लिही," अण्णा म्हणाले.

'नाही घेणार,' तिने लिहिलं. 'मी इथेच आहे. सांग.'

दोघं पडद्याकडे बघत बसले. बाजूने बाकीची पानं वर सरकतच होती. शर्वीचं पान उघडं होतं, कोरं होतं, आणि त्याच्यावर एक बोट टेकलेलं होतं. ते पुढे सरकेल का?